अकरा गाठी

टकटक आवाज येत होता. फार मोठा नव्हे, पत्र्यावर कोणी नखानं वाजवत बसावं इतकाच. मी आधी छताच्या पंख्याकडे पाहिलं, मग खिडकीच्या सैल तावदानाकडे, मग टेबलावरच्या कॉम्प्युटरच्या उघड्या कॅबिनेटकडे. त्यातला पंखा अजून जोडलेलासुद्धा नव्हता, तेव्हा त्याच्यावर आळ घेण्यात अर्थ नव्हता. काचेपलीकडे काउंटरवर माझा धाकटा भाऊ फोनवर कोणाशी तरी मोठमोठ्यानं हसत होता. तो हसायला लागला की दुकानातल्या वस्तू हलतात असं मी त्याला नेहमी म्हणते, पण त्याचं हसू थांबलं तरी टकटक चालूच. मग दिसलं. माझ्या हातातल्या स्क्रूड्रायव्हरचं टोक कॅबिनेटच्या कडेला टेकलं होतं आणि ते वाजत होतं. मी वाजवत नव्हते. हात माझाच होता, उजवा, मनगटावर भाजल्याचा जुना डाग असलेला, आणि तो आपल्या मनानं काहीतरी करत होता. मी स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला तशी टकटक थांबली आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं.

हात थरथरण्याची ती काही पहिली वेळ नव्हती. पाच महिने झाले होते. पहिल्यांदा सही करताना शेवटचं अक्षर लांबलं, मग एकदा चहा बशीत सांडला, मग मी कप अर्धाच भरायला लागले. कोणी समोर बसलं की उजवा हात मांडीखाली दाबून ठेवायचा, पैसे डाव्या हातानं द्यायचे, चष्मा पुसायचा असेल तर पाठ फिरवून पुसायचा, असे नियम मी मला घालून घेतले होते आणि ते इतके अंगवळणी पडले होते की त्यांचं काही वाटेनासं झालं होतं. डॉक्टरकडे गेले नाही. डॉक्टर काय सांगणार ते मला ठाऊक होतं. ते मी अकरा वर्षं बाबांच्या रूपात खिडकीतल्या खुर्चीवर बसलेलं पाहिलं होतं. पण हातानं आवाज करण्यापर्यंत मजल कधी गेली नव्हती. दिसणारी गोष्ट लपवता येते, ऐकू येणारीचं काय करायचं? आणि तरीही माझ्याकडे एक पुरावा होता, तो मी रोज सकाळी दात घासताना स्वतःपुढे मांडायची. पाच महिन्यांत मी बावीस मशीन बांधली होती आणि एकही परत आलं नव्हतं. एकही नाही. हात बाहेर काय वाटेल ते करो, कामात तो अजून माझा होता.

टेबलावरचं मशीन एका उंच मुलीचं होतं. दहा दिवसांपूर्वी ती पाठीवर मोठी सॅक घेऊन आली, दारात वाकून आत शिरली आणि धाकट्यानं नेहमीप्रमाणे "बसा, बसा, काय दाखवू?" सुरू केलं तर त्याला म्हणाली, "मला त्या आतल्या ताईंशी बोलायचंय." धाकटा माझ्याकडे तोंड करून म्हणाला, "घे. आपल्याला कोण विचारतंय!" ती गेमिंगच्या स्पर्धा खेळायची. गावोगाव जायचं, कुठंतरी सहाजणींच्या खोलीत उतरायचं, दुसऱ्याच्या मशीनवर खेळायचं आणि हरायचं, याला ती कंटाळली होती. तिला स्वतःचं मशीन हवं होतं, सगळ्यात ताकदीचं, आणि ते या सॅकमध्ये मावायला हवं होतं. "लॅपटॉप घे," मी म्हटलं. "तापतो, आणि तापला की दमतो," ती म्हणाली, "ऐन शेवटच्या फेरीत दमतो. मला पुढच्या महिन्यात संघाच्या निवडीला जायचंय. एकदाच बोलावतात हो ते. तुम्ही लहान कॅबिनेटमध्ये बांधता असं ऐकलंय. तुमच्याच हातचं हवं."

तुमच्याच हातचं. मी हात मांडीखाली दाबला आणि हो म्हटलं. का म्हटलं? नाही म्हणायला तोंड होतं, कारणं होती, धाकट्यानं शंभर कारणं सांगितली असती. पण त्याच क्षणी मी मनाशी एक पैज लावून टाकली होती. बुटांच्या खोक्याएवढ्या कॅबिनेटमध्ये घरच्या मोठ्या मशीनची ताकद बसवायची म्हणजे हाताची परीक्षाच. मोठ्या कॅबिनेटमध्ये कोणीही काम करेल, मूठ आत जाते, चुकलं तर दिसतं. लहानात बोटांची टोकंच आत जातात. मदरबोर्ड एका अंगाला, ग्राफिक्स कार्ड त्याच्या पाठीला पाठ लावून दुसऱ्या अंगाला, मध्ये एका चपट्या पट्टीनं जोडलेलं, खाली चिमुकला पॉवर सप्लाय आणि उरलेल्या फटींतून सगळ्या वायरी. त्यातही क्रम असतो. आधी काय, मग काय, हे चुकलं की शेवटचा स्क्रू लावताना कळतं आणि मग पहिल्यापासून सगळं बाहेर. हे माझ्या हातून नीट झालं तर मी बाबांसारखी होणार नाही. झालं नाही तर होणार. इतकं सरळ होतं ते, आणि इतकं बालिश. वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी मी फरशीच्या रेघांवर पाय न ठेवता चालणाऱ्या पोरीसारखी झाले होते.

बाबा रेडिओ दुरुस्त करायचे, याच दुकानात, याच टेबलावर. टेबलाच्या डाव्या कोपऱ्यात त्यांच्या सोल्डरिंग आयर्ननं पडलेला काळा गोल अजून आहे. रेडिओच्या पोटातल्या वायरी ते मेण लावलेल्या दोऱ्यानं बांधायचे. दोन वेढे, टोक खालून घ्यायचं, डावीकडे ओढायचं आणि तांदळाच्या दाण्याएवढं शेपूट ठेवून कापायचं. अशी गाठ सुटत नाही, सरकत नाही, वायरीला कापत नाही. मी सात वर्षांची असताना त्यांनी मला ती पलंगाच्या दांडीवर शिकवली. आजही मी प्लॅस्टिकच्या पट्ट्या वापरत नाही, मेणाचा दोरा वापरते. लोक कॅबिनेटचं झाकण उघडून त्या गाठींचे फोटो काढतात. धाकट्यालाही त्यांनी शिकवून पाहिलं होतं. तो डावखुरा, त्याची गाठ आरशातल्यासारखी उलटी पडायची, शेपूट उजवीकडे. बाबा सोडवायचे, परत बांधून दाखवायचे, तो परत उलटी बांधायचा. शेवटी बाबांनी हात टेकले. "याच्या हातात काम नाही, तोंडात आहे," म्हणाले आणि त्याला काउंटरवर बसवलं. तो तिथंच आहे. त्याच्या हातांना मी फावडी म्हणते. तो रागावत नाही. हल्ली त्या फावड्यांच्या बोटांना सारख्या चिकटपट्ट्या असतात. विचारलं तर म्हणतो, "माल खोक्यातून काढताना कापतं. गरिबाचे हात ते, कोण बघतंय?"

सोमवारी आवाज ऐकला आणि मंगळवारी प्रोसेसर बसवायचा होता. प्रोसेसर म्हणजे काडेपेटीएवढा चौकोन. तो ज्या खाचेत बसतो तिच्यात केसासारख्या दीडेक हजार पिना उभ्या असतात. वरून अलगद सोडायचा. हात एकदा हलला, कोपरा टेकला की पिना वाकतात, आणि एक वाकली तरी बोर्ड गेला. मी हजार वेळा केलं आहे हे. गप्पा मारता मारता केलं आहे. मंगळवारी मी दार लावून घेतलं, दोन्ही कोपरं टेबलावर रोवली, मनगटाखाली घडी घातलेला टॉवेल घेतला आणि श्वास पूर्ण सोडून, रिकाम्या छातीनं, वाट पाहिली. हाताला एक लय असते, हे मला आता कळलं होतं. तो सतत थरथरत नाही, मध्येच दम खातो. त्या दमाच्या फटीत मी प्रोसेसर सोडला. बसला. एकही पीन वाकली नाही. माझा जीव भांड्यात पडला आणि मग मला स्वतःचीच दया आली, कारण आयुष्यभर जे काम मी केलं ते आता चोरी करावी तसं करत होते. काचेवर टकटक झाली. धाकटा. "ताई, दार का लावलंयस?" "धूळ येते." "बरं. चहा ठेवू का बाहेर?" "अर्धाच आण." तो आत येऊन कप ठेवून उभा राहिला आणि कॅबिनेटमध्ये वाकून पाहायला लागला. "आधी काय बसवतेस गं यात? पॉवर सप्लाय की बोर्ड?" "तुला काय करायचंय?" "गिऱ्हाईक विचारतं, सांगता यायला नको?" मी त्याला क्रम सांगितला. त्यानं तो बोटांवर मोजून घेतला. गेल्या चार-पाच महिन्यांत त्याला हा नवा नाद लागला होता, आणि मला वाटायचं, उतारवयात तरी याला धंद्यात रस आला.

बाबांचा हात मी एकोणीस वर्षांची असताना हलायला लागला. त्यांनी काही सांगितलं नाही, मी काही विचारलं नाही. त्यांचं सोल्डरिंग बदललं. आधी त्यांचा टाका मोत्यासारखा गोल पडायचा. मग तो पसरट, ओबडधोबड पडायला लागला, शेजारच्या टाक्याला जाऊन चिकटायला लागला. दोन रेडिओ परत आले. तिसऱ्या गिऱ्हाइकानं सगळ्यांसमोर आवाज चढवला आणि बाबा "बघतो, बघतो" म्हणत खाली बघत राहिले. त्या दिवसापासून मी एक उद्योग सुरू केला. बाबा दुपारी जेवायला घरी जायचे, दोन तास पडायचे. मी म्हणायची, मी दुकानातच अभ्यास करत बसते. ते गेले की त्यांनी सकाळी केलेलं सगळं उघडायचं, टाके काढायचे, नवे घालायचे, गाठी परत बांधायच्या, झाकण लावायचं, पुस्तक पुढ्यात घ्यायचं. सात महिने. एकही रेडिओ परत आला नाही. बाबा खूश दिसायचे. हळूहळू, मन लावून काम करायचे, एकेका टाक्याला पाच-पाच मिनिटं घ्यायचे आणि मला वाटायचं, बिचाऱ्यांना वाटतंय आपला हात सुधारला. रोज दुपारी निघताना दारातून म्हणायचे, "दिवा जवळ ओढून घे. डोळे बिघडतील." मी म्हणायची, "हो बाबा." मग एक दिवस ते जेवायला गेले ते आलेच नाहीत. संध्याकाळी मी घरी गेले तर खिडकीतल्या खुर्चीवर बसले होते. म्हणाले, "आता तूच बघ दुकान." मी समजले, आज यांना कळलं. काहीतरी माझ्याकडून उघडं राहिलं असणार, एखादा टाका, एखादी गाठ. ती कोणती चूक, हे मी वर्षानुवर्षं शोधत होते. मला वाटायचं, ती चूक झाली नसती तर ते आणखी काही वर्षं येत राहिले असते. अकरा वर्षं ते त्या खुर्चीवर बसले आणि त्या अकरा वर्षांत आम्ही दोघांनी हवापाण्यापलीकडे एक शब्द काढला नाही.

बुधवारी मशीन पुरं करायचं होतं. सकाळी एक स्क्रू हातून निसटला आणि बोर्डाच्या खाली गेला, तो हलवून हलवून बाहेर काढण्यात अर्धा तास गेला. मग वायरी. अकरा ठिकाणी बांधायच्या होत्या. दोऱ्याचं रीळ हाताला हलकं लागलं. हल्ली ते लवकर संपायचं, आणि माझाच दोरा वाया जातो असं मी धरून चालले होते. आठ गाठी मी दमाच्या फटी पकडत बांधल्या. नववी, कार्डाजवळची, काही केल्या होईना. टोक खालून घेतलं की निसटायचं. शेवटी दाताशी धरून ओढली, ती सैल पडली, शेपूट बोटभर राहिलं. कोणाला दिसणार आहे आत, असं म्हणून मी पुढं गेले. असं मी यापूर्वी कधी म्हटलं नव्हतं. राहिलेल्या दोन कशाबशा झाल्या. मग ग्राफिक्स कार्डाची वायर. ताकदवान कार्ड खूप वीज खातं. त्याच्या वायरीचं टोक पूर्ण आत गेलं पाहिजे, गेलं की टक असा आवाज होतो. अर्धवट राहिलं तरी मशीन चालतं, आज चालतं, उद्या चालतं, आणि एक दिवस ऐन खेळात ते टोक वितळतं. मी अंगठ्यानं दाबलं. टक ऐकू आलं. झाकण लावलं, बटण दाबलं. पंखे कुजबुजल्यासारखे फिरायला लागले, पडद्यावर उजेड आला. तासभर मी त्याला पळवलं, जड चाचण्या दिल्या, तापमान ऐंशीच्या वर गेलं नाही. सहा वाजता मी ते पांढऱ्या फडक्यानं पुसलं आणि एका हातानं उचलून पाहिलं. उचललं गेलं. झालं होतं. मी बाबा नव्हते. घरी जाताना मी रस्त्यानं चक्क गुणगुणत होते, आणि दारात भेटलेल्या भावजयीला म्हटलं, "काय म्हणतो तुझा नवरा? सकाळचं फिरणं चालू आहे ना?" ती म्हणाली, "रोज साडेसातला पळतात. पोट काही कमी होत नाही." आम्ही दोघी हसलो.

गुरुवारी उंच मुलगी दुकान उघडायच्या आधीच पायरीवर बसलेली होती. मी मशीन टेबलावर ठेवलं. ती म्हणाली, "आतून बघू?" मला तेच हवं होतं. मी झाकण काढलं, ती वाकली, आणि तिच्या तोंडून "अहाहा" असं निघालं. "ताई, या गाठी! किती सारख्या आहेत! फोटो काढू?" मी पण वाकले. नववी गाठ मला आधी दिसली, कारण मला तिची लाज होती. ती घट्ट होती. सुरेख होती. शेपूट तांदळाच्या दाण्याएवढं होतं, आणि ते उजवीकडे होतं. मी आठवी पाहिली. उजवीकडे. सातवी, दुसरी, अकरावी. अकराच्या अकरा गाठींची शेपटं उजवीकडे होती. मला वाटलं मी उलट्या बाजूनं बघतेय, म्हणून मान वळवली, पण मान वळवून उजवं डावं होत नाही. मुलगी फोटो काढत होती. काउंटरवरून धाकटा आला, तर्जनीला नवी चिकटपट्टी, आणि तिला म्हणाला, "हे बघ, ही कार्डाची वायर कधी काढलीस ना, तर परत लावताना टक होईपर्यंत दाब. आवाज आला पाहिजे. अर्धवट राहिली तर जळेल, बाई." हे त्याला काल माहीत नव्हतं. हे मी त्याला सांगितलेल्या क्रमात नव्हतं. कालचं ते टक मला ऐकू आलं होतं, अगदी स्पष्ट आलं होतं, आणि आता मला कळलं ते कुठून आलं होतं. माझा हात वाजला होता, कॅबिनेटच्या कडेवर, सोमवारसारखाच; वायर अर्धवटच राहिली होती.

"सगळ्या तुमच्याच हातच्या ना?" मुलीनं विचारलं. धाकट्यानं माझ्याकडे पाहिलं नाही. तो फडक्यानं झाकण पुसत होता, पुसलेलंच परत पुसत होता. मी म्हटलं, "हो. माझ्याच." मुलीनं मशीन सॅकमध्ये घातलं, पट्टे ओढले, दारात वाकली आणि गेली. ती निवडीत जिंको म्हणून मी मनापासून प्रार्थना करायला हवी होती. माझ्या मनात आलं ते एवढंच की हिच्या मांडीजवळ आग लागली असती. नंतर, धाकटा फोनवर असताना, मी त्याच्या काउंटरखालची कचऱ्याची टोपली ओढली. चुरगळलेल्या कागदांखाली दोऱ्याचे तुकडे होते, कापलेल्या गाठींसकट. शेपटं डावीकडे. एक बोटभर लांब. मी त्या मोजल्या नाहीत. बावीस मशीन, मी मनात म्हटलं, आणि माझा पाच महिन्यांचा पुरावा त्या टोपलीत पडला होता. ज्याला बाबांनी टेबलावरून उठवलं, ज्याच्या हातांना मी आयुष्यभर फावडी म्हटलं, तो रोज साडेसातला फिरायला म्हणून निघून इथं येत होता, बोटं कापून घेत होता, बाबांची गाठ स्वतःच्या हातानं, स्वतःच्या उलट्या बाजूनं, इतकी सुंदर शिकला होता. मला त्याचा भयंकर राग आला. मग रडू आलं. मग दोन्ही गेली आणि मागं बाबा उरले.

कारण मला गाठ एका नजरेत ओळखू आली होती. चाळीस वर्षं एक काम केलेल्या माणसाला दुसऱ्याचा हात ओळखायला किती वेळ लागतो? माझे टाके त्यांच्यापेक्षा चपटे पडायचे, आजही पडतात. त्यांना पहिल्याच दिवशी कळलं असणार. पहिल्याच दिवशी. शेवटच्या दिवशी माझी काही चूक झालीच नव्हती. इतकी वर्षं मी नसलेली चूक शोधत होते. सात महिने ते रोज सकाळी येऊन, एकेका टाक्याला पाच मिनिटं देऊन, मी दुपारी काढून टाकणार हे माहीत असलेलं काम मन लावून करत होते. माझ्यासाठी, की त्यांना दुसरं काही येत नव्हतं म्हणून, हे आता कोणाला विचारू? मी त्यांना वाचवलं असं मला वाटत होतं. त्यांनी मला तसं वाटू दिलं होतं, बस्स.

दुपारी मी पुढचं मशीन काढलं, एका हिशेबनीसाचं, साधं, मोठ्या कॅबिनेटचं. बोर्ड बसवला, वायरी ओढल्या. हात हलत होता, मी हलू दिला. सहा गाठी बांधल्या. उद्या साडेसातला त्या कापल्या जाणार होत्या, तरी प्रत्येकीला लागेल तितका वेळ दिला. दोन सैल पडल्या, त्या सोडवून परत बांधल्या, परत सैल पडल्या, मग तशाच ठेवल्या. काचेपलीकडे धाकटा हसत नव्हता. सकाळपासून हसला नव्हता. सहा वाजले तशी मी पिशवी उचलली. तो दारापाशी कुलूप घेऊन उभा होता. "झालं का गं त्या हिशेबनीसाचं?" त्यानं नेहमीच्या आवाजात विचारलं, आणि तो नेहमीचा आवाज काढायला त्याला किती कष्ट पडतायत ते मला पहिल्यांदाच ऐकू आलं. "झालं," मी म्हटलं. पायरीवर थांबले. वळून त्याच्याकडे पाहायचा धीर झाला नाही.

"सकाळी दिवा जवळ ओढून घे," मी म्हटलं. "डोळे बिघडतील."

बऱ्याच वेळानं मागून कुलूप लावल्याचा आवाज आला. मी उजवा हात पिशवीत घातला आणि घरी निघाले.